पाणचक्की आणि पवनचक्की

(जालन्यातील एका शाळेच्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या सहलीचे वर्णन या पाठात आहे. पाण्याच्या शक्तीवर चालणारी आपल्या जवळची पाणचक्की आणि वाऱ्याच्या शक्तीवर चालणाऱ्या दूरदेशीच्या पवनचक्क्या यांची ओळख लेखिकेने करून दिली आहे.)

आठवीच्या वर्गात मी वह्या तपासत होते. एका मुलीच्या वहीवर सुंदर चित्र होते. संथ पाण्याचा कालवा, काठावर हिरवे गवत आणि ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या. प्रत्येकीला चार लांबलचक पाती. चित्राखाली बारीक अक्षरांत गावाचे नाव छापले होते : किंडरडाइक.

"मॅडम, हे गाव कोठे आहे?" तिने विचारले.

"नेदरलँड्स या देशात," मी म्हणाले. "युरोपात लोक मोठ्या बोटींत बसून नदीतून प्रवास करतात. ॲम्स्टरडॅमहून बोट निघते. वाटेत ती या गावी थांबते. प्रवासी उतरतात आणि या जुन्या चक्क्या पाहतात."

सगळा वर्ग ऐकत होता. एक मुलगा उसासा टाकून म्हणाला, "आपल्याकडे असे काहीच नाही."

"कोण म्हणते नाही?" मी म्हणाले. "येथून साठ किलोमीटरवर एक चक्की आहे. ती वाऱ्यावर नाही, पाण्यावर चालते. आणि तिचे वय या चित्रातल्या चक्क्यांइतकेच आहे."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्याच दिवशी आमची सहल ठरली.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी आमची बस जालन्याहून निघाली. बदनापूर मागे पडले. मुलांच्या उर्दूत गप्पा रंगल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आज आपण सर्वांनी मराठीत बोलायचे. आधी मला सांगा, 'हवाचक्की'ला मराठीत काय म्हणतात?"

"पवनचक्की!"

"आणि 'पनचक्की'ला?"

"पानचक्की!" पाच-सहा आवाज आले.

"पान नव्हे, पाणी. ण म्हणा, ण. पाणचक्की. पान तर झाडाला असते!"

सगळे हसले. मग मी त्यांना एक अवघड शब्द दिला : दळण. या एका शब्दात 'ळ'ही आहे आणि 'ण'ही आहे. कोणी 'दलन' म्हणाले, कोणी 'दरन' म्हणाले. बसमध्ये एकच गोंधळ उडाला. इतक्यात मागच्या बाकावरून एक स्पष्ट आवाज आला, "दळण."

तो मुलगा वर्गातही मागेच बसतो. फार कमी बोलतो. परीक्षेत त्याला जेमतेम गुण मिळतात.

"शाब्बास!" मी म्हणाले. "तुला कसे जमले?"

"मॅडम, आमची पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाइके येतात आणि म्हणतात, एवढे दळण टाकून द्या. मी रोज ऐकतो."

त्याला मी पुढच्या बाकावर बोलावून घेतले.

दहा वाजता आम्ही छत्रपती संभाजीनगरला पोहोचलो. या शहराचे पूर्वीचे नाव औरंगाबाद. त्याच्याही आधी येथे खडकी नावाचे गाव होते. महमूद दरवाजाजवळ, खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे.

आत शिरताच समोर एक मोठा हौद दिसला. हौदाच्या एका बाजूला उंच भिंत आहे. तिच्या माथ्यावरून पाण्याची चादर हौदात कोसळत होती. त्या दिवशी धार बेताचीच होती, तरी तिचा आवाज अंगणभर घुमत होता. शेजारी एक प्रचंड वड आहे. जवळच मशीद आणि दर्गा आहे.

हा दर्गा बाबा शाह मुसाफिर यांचा आहे. ते सूफी संत होते. मध्य आशियातील बुखारा शहराच्या परिसरातून ते दख्खनमध्ये आले आणि येथेच राहिले. त्यांच्याकडे शिष्य, फकीर आणि दूरदूरचे यात्रेकरू येत. एवढ्या लोकांना रोज भाकरी-रोटी घालायची, तर पीठ किती लागेल? ते हातांनी कोणी दळायचे? निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या पदरी तुर्कताजखान नावाचा सरदार होता. त्याने १७४४ मध्ये ही पाणचक्की उभारली. यात्रेकरू, शिष्य आणि छावणीतले सैनिक या सर्वांसाठी येथे धान्य दळले जाई. समोरचा हौद आणि कारंजी सुमारे वीस वर्षांनंतर जमीलबेगखानाने बांधली.

"मॅडम, पण नदी तर खाली आहे. पाणी वर भिंतीवर कसे गेले?" वहीवाल्या मुलीने विचारले.

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणाले, "हे पाणी नदीचे नाहीच. ते डोंगरातून आले आहे. शहराच्या उत्तरेकडे डोंगर आहेत. तेथील झऱ्याचे पाणी सुमारे आठ किलोमीटर जमिनीखालून चालत येथे येते. त्यासाठी खापरी नळ घातले आहेत. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ."

"पण ते वर कसे चढते?"

"तुम्ही गवंडी पाहिला असेल. दोन भिंती एका उंचीच्या करायच्या असल्या की तो काय करतो? एक लांब पारदर्शक नळी घेतो. तिच्यात पाणी भरतो. एक टोक या भिंतीला, दुसरे त्या भिंतीला. मधली नळी जमिनीवर लोळत असली तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर येते. पाणी आपली पातळी शोधते. डोंगरातला झरा उंचावर आहे. म्हणून बंद नळातून आलेले पाणी येथेही उंच चढते. पंप नाही, वीज नाही, बैलही नाही."

मग आम्ही चक्कीपाशी गेलो. तेथे एकावर एक असे दोन दगड आहेत. दिसायला ते आपल्या घरच्या जात्यासारखेच, पण बरेच मोठे. जात्याचा वरचा दगड आपण खुंटा धरून हाताने फिरवतो. येथे खुंटा नाही. दगडांच्या खाली एक चाक आहे. त्याला लोखंडी पाती आहेत. उंचावरून आलेले पाणी जोराने पात्यांवर आदळते. चाक फिरते. चाकाचा दांडा खालच्या दगडातून वर येतो आणि वरच्या दगडाला फिरवतो. दोन दगडांच्या मध्ये पडलेले धान्य भरडले जाते.

मुले आळीपाळीने वाकून पाहत होती. गिरणीवाल्यांचा मुलगा मात्र तेथून हलेना. तो दगडाकडे टक लावून पाहत होता.

"काय पाहतोस, बेटा?" मी विचारले.

"मॅडम, याला टाकी लावत असतील ना?"

मला क्षणभर काही कळले नाही. मग तो सांगू लागला. आजवर वर्गात तो एवढा कधी बोलला नव्हता. "दळून दळून दगड गुळगुळीत होतात. मग दाणा नुसता घसरतो, दळला जात नाही. म्हणून छिन्नीने दगडावर बारीक खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणे म्हणतात. आमचे अब्बा स्वतः लावतात. दोन दगडांतले अंतरही जमावे लागते. जास्त झाले तर पीठ जाडे येते. कमी झाले तर पीठ जळते. ही चक्की कितीही जुनी असली तरी दगडाला टाकी लावणारा माणूस लागलाच असेल."

सगळी मुले त्याच्याभोवती गोळा झाली होती. मलाही ही माहिती नव्हती. चक्की कोणी बांधली, ते मी सांगितले होते. चक्की कशामुळे चालत राहते, ते त्याने सांगितले.

मला माझ्या दादीची आठवण झाली. आमच्या अंगणात एक जुने जाते होते. रमजान जवळ आला की दादी त्यावर हरभऱ्याची डाळ भरडत असे. गल्लीतून "जात्याला टाकी!" अशी हाक आली की ती हातातले काम टाकून दाराशी धावत असे. ती हाक आता ऐकू येत नाही. जातेही दाराबाहेर पायरीसारखे पडून आहे.

त्यानंतर आम्ही हौदाखालच्या दालनात गेलो. हौद जमिनीत खोदलेला नाही. जाड खांबांवर उभ्या असलेल्या मोठ्या दालनाचे छत म्हणजेच हौदाचा तळ. डोक्यावर पाणी असल्यामुळे हे दालन उन्हाळ्यातही थंड राहते. पाणी आधी चाक फिरवते, मग हौद भरते, कारंजी उडवते, दालन थंड ठेवते आणि शेवटी खाम नदीला मिळते. एका पाण्याकडून किती कामे करून घेतली आहेत!

दुपारी वडाखाली आम्ही डबे उघडले. जेवता जेवता त्या मुलीने आपली वही पुन्हा काढली. "मॅडम, आता या चक्क्यांचे सांगा ना. यांच्यातही पीठ दळतात का?"

"नाही," मी म्हणाले. "पवनचक्कीत पीठ दळता येते. पवनचक्कीचा शोधही त्यासाठीच लागला. इराणच्या पूर्वेला सीस्तान नावाचा प्रदेश आहे. तेथे सतत जोराचा वारा वाहतो. दहाव्या शतकातील भूगोलाच्या लेखकांनी तेथल्या पवनचक्क्यांविषयी लिहून ठेवले आहे. इराणमधल्या नश्तीफान गावात मातीच्या आणि लाकडाच्या अशा जुन्या चक्क्या आजही उभ्या आहेत. पण किंडरडाइकच्या चक्क्यांचे काम वेगळे होते. त्या पाणी उपसत होत्या."

"पाणी उपसून शेताला देत होत्या?"

"नाही. पाणी उपसून बाहेर फेकून देत होत्या!"

मुलांच्या तोंडातले घास तसेच राहिले. जालन्याच्या मुलांना ही गोष्ट खरी वाटणे कठीणच होते.

मी त्यांना समजावून सांगितले. नेदरलँड्स हा देश फार सखल आहे. त्याचा सुमारे चौथा भाग समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली आहे. पावसाचे आणि नद्यांचे पाणी शेतांत साठते. ते आपोआप वाहून जात नाही. बाहेर काढले नाही तर शेते बुडतात, घरे बुडतात. किंडरडाइक या नावाचा अर्थ 'बाळाचा बांध' असा आहे. तेथे एक दंतकथा सांगतात. १४२१ मध्ये तेथे भयंकर पूर आला. पूर ओसरू लागला तेव्हा लोकांना पाण्यावर एक पाळणा तरंगताना दिसला. पाळण्यात एक बाळ होते आणि एक मांजर होते. पाळणा एका बाजूला कलंडू लागला की मांजर दुसऱ्या बाजूला उडी मारी आणि तोल सांभाळी. असा तो पाळणा बांधाला येऊन लागला. बाळ वाचले.

"अशा पाण्याशी झगडण्यासाठी त्या लोकांनी वाऱ्याची मदत घेतली," मी सांगितले. "किंडरडाइकला १९ पवनचक्क्या आहेत. त्यांपैकी बहुतेक १७३८ ते १७४० या काळात बांधल्या. वाऱ्याने पाती फिरतात. पात्यांबरोबर खाली एक मोठे चाक फिरते. ते चाक सखल कालव्यातले पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकते. तेथून ते नदीत सोडतात. आता हिशेब करा. आपली पाणचक्की कधीची?"

"१७४४!"

"म्हणजे अंतर किती?"

"चार वर्षे!"

मी म्हणाले, "पाहा, एकाच काळात दोन ठिकाणी माणसे चक्क्या बांधत होती. तिकडे पाणी फार होते, म्हणून वाऱ्याकडून ते बाहेर काढून घेतले. इकडे पाणी कमी होते, म्हणून ते आठ किलोमीटरवरून थेंबाथेंबाने सांभाळून आणले. ती माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. पण दोघांनीही आपल्या भूमीचा विचार केला होता."

"आता त्या चक्क्या बंद पडल्या का?" गिरणीवाल्यांच्या मुलाने विचारले.

"पुढे वाफेचे आणि नंतर डिझेलचे पंप आले. चक्क्यांचे काम संपले असे लोकांना वाटले. पण त्यांनी त्या मोडल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात डिझेल मिळेना. तेव्हा याच म्हाताऱ्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसले. आजही तेथे चक्क्यांमध्ये कुटुंबे राहतात आणि त्यांना फिरत्या ठेवतात. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. २०१७ मध्ये तर नेदरलँड्समधील चक्की चालवण्याच्या कलेलाही युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला."

"चक्की चालवण्याच्या कलेला?" त्याने पुन्हा विचारले.

"होय. तुझे अब्बा करतात तशाच कामाला. दगडाची, वाऱ्याची आणि पाण्याची नस ओळखणे ही कलाच आहे."

तो काही बोलला नाही. पण त्याचा चेहरा उजळला होता.

जेवणानंतर मी मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. मलिक अंबर हा आफ्रिकेतील इथिओपियाचा. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जाऊन तो दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या कर्तृत्वाने निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी येथे राजधानी वसवली. डोंगराळ, कोरड्या जागी एवढे मोठे शहर कसे जगेल, अशी अनेकांना शंका होती. त्याने जमिनीखालून नहर आणली. तिलाच नहर-ए-अंबरी म्हणतात. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याने दाखवलेल्या वाटेने नंतर अनेक नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक.

"मग मॅडम, आज पाणी एवढे कमी का आहे?" एका मुलाने विचारले. "भिंतीवरून मोठा धबधबा पडतो असे माझे चाचा सांगत होते."

याचे उत्तर देणे मला सोपे वाटले नाही. मी म्हणाले, "नहरीचे पाणी डोंगरातल्या पावसावर अवलंबून असते. पाऊस कमी झाला की धार बारीक होते. पण तेवढेच कारण नाही. शहर वाढते, नहरीवर घरे आणि रस्ते येतात, नळ फुटतात, गाळ साचतो. जमिनीखालची वस्तू डोळ्यांना दिसत नाही. जी दिसत नाही, तिची काळजी कोण घेणार? नहर बांधायला एक मलिक अंबर पुरला. पण ती टिकवायला सगळे शहर लागते."

निघताना मुलांनी पुलावरून खाम नदी पाहिली. एके काळी स्वच्छ असलेली ही नदी पुढे सांडपाण्याचा नाला झाली. अलीकडच्या काही वर्षांत महानगरपालिकेने आणि नागरिकांनी मिळून तिच्या सफाईचे काम हाती घेतले आहे. काठावर झाडेही लावली आहेत. हे ऐकून मुलांना बरे वाटले.

परतीच्या बसमध्ये मी मुलांना आपल्या जालन्याविषयी विचारले. "आपल्या शहराला पूर्वी पाणी कोठून मिळत होते?" कोणालाच सांगता येईना. काळी मशीद सर्वांनी पाहिली होती. पण ती बांधणाऱ्या जमशेदखानानेच मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत नेले, हे कोणाला ठाऊक नव्हते. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचेही पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने जालन्यात येई.

"२०१२-१३ मध्ये मोठा दुष्काळ पडला," मी सांगितले. "तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल. मी बी.एड. करत होते. आमच्या गल्लीत टँकर केव्हा येईल याचा नेम नव्हता. रात्री दोन वाजता आला तरी आम्ही हंडे घेऊन धावत असू. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री मी रांगेत उभी राहूनच वाचन केले होते. त्या वेळी जालन्याचे लोक जागे झाले. घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढण्यासाठी नागरिक पुढे आले. जो तलाव वडीलधाऱ्यांनी बांधून ठेवला होता, त्याच्याकडे आपण तहान लागल्यावर पाहिले."

बस शांत झाली. बाहेर अंधार पडू लागला होता. जालना जवळ आले.

सोमवारी मी शाळेत गेले, तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ मुलांचा घोळका दिसला. तेथील एक नळ कित्येक दिवसांपासून थेंब थेंब गळत होता. आम्ही सगळे रोज त्याच्यासमोरून जात होतो. मीही जात होते. गिरणीवाल्यांचा मुलगा वडिलांच्या हत्यारांतून पाना घेऊन आला होता. त्याने नळ उघडला, आतला झिजलेला वायसर काढला आणि नवा बसवला. वहीवाली मुलगी नळाखाली हात धरून उभी होती. एक मिनिट गेले. दोन मिनिटे गेली. तिचा हात कोरडाच राहिला.

"मॅडम, बंद झाला!" ती ओरडली.

तो मुलगा पाना पुसत उभा होता. मी त्याला विचारले, "किती पैसे लागले?"

"पाच रुपये, मॅडम," तो म्हणाला. "पण आता दर वर्षी पाहावा लागेल. टाकीसारखेच आहे हे."

शब्दार्थ

पाते (अनेकवचन : पाती) – चक्कीचे किंवा पंख्याचे पान
उसासा – दुःखाने सोडलेला मोठा श्वास
खापरी नळ – भाजलेल्या मातीचे नळ
खुंटा – जाते फिरवण्यासाठी धरायचा लाकडी दांडा
टाकी लावणे – जात्याच्या दगडावर छिन्नीने खाचा पाडणे
छिन्नी – दगड घडवण्याचे लोखंडी हत्यार
भरडणे – धान्य जाडसर दळणे
सखल – खालच्या पातळीवर असलेला
उपसणे – पाणी काढून टाकणे
दंतकथा – पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेली गोष्ट
कर्तृत्व – मोठे काम करण्याची शक्ती
कारभारी – राज्याचे काम पाहणारा
नहर – पाणी नेण्यासाठी केलेला मार्ग, कालवा

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाणचक्की कोणी व कधी उभारली?
(आ) पाणचक्कीला पाणी कोठून येते?
(इ) किंडरडाइक या नावाचा अर्थ काय?
(ई) दुसऱ्या महायुद्धात पवनचक्क्या पुन्हा का चालू कराव्या लागल्या?
(उ) मोती तलाव कोणी बांधला?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) पाणचक्की ............ नदीच्या काठी आहे.
(आ) किंडरडाइकला ............ पवनचक्क्या आहेत.
(इ) मलिक अंबरने १६१० मध्ये ............ येथे राजधानी वसवली.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाण्याच्या शक्तीने चक्कीचा दगड कसा फिरतो?
(आ) पाणचक्की आणि किंडरडाइकच्या पवनचक्क्या यांच्या कामात कोणता फरक आहे?
(इ) 'नहर बांधायला एक मलिक अंबर पुरला. पण ती टिकवायला सगळे शहर लागते.' या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
(ई) "टाकीसारखेच आहे हे," असे मुलगा शेवटी का म्हणाला?

प्रश्न ४. भाषाभ्यास
(अ) मोठ्याने वाचा : दळण, गाळ, डाळ, नळ, पाणी, कोण, आठवण, वळण.
(आ) खालील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा : शहर, जमीन, दरवाजा, हवा.
(इ) उर्दूतील 'हौज' हा शब्द मराठीत 'हौद' असा होतो. असे थोडे बदललेले आणखी तीन शब्द शोधा.
(ई) वचन बदला : चक्की, दगड, नदी, पाते, हौद.

उपक्रम
१. तुमच्या मोहल्ल्यातील किंवा गावातील जुनी विहीर, हौद, बारव किंवा तलाव पाहा. तो कोणी बांधला, आज त्याची स्थिती कशी आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.
२. जवळच्या पिठाच्या गिरणीत जा. दळण कसे होते ते पाहा आणि वर्गात मराठीत सांगा.